दुसऱ्या ओळीतली फरशी

आमच्या विहारात बसायचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, त्यामुळं ते मोडायची सोय नाही. समोर उंच ओट्यावर बुद्धमूर्ती. तिच्या एका अंगाला, जमिनीपासून वीतभर वर, भंतेजींचं आसन. त्यांच्यापुढं शहाबादी फरशीवर आपण सगळे. डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष, आणि मधे पोरं. डावीकडच्या दुसऱ्या ओळीत खांबाला लागून जी फरशी आहे ती सावित्रीबाईंची. म्हणजे फरशी विहाराचीच, पण तिथं दुसरं कुणी बसत नाही. सावित्रीबाई म्हणजे माझी बायको.

भंतेजींनी वंदनेची ओळ म्हटली की त्यांच्यामागं पहिला आवाज हिचा उठतो, मग बाकीचे. तो आवाज गोड आहे असं मी लग्नापासून कधी म्हटलेलं नाही आणि तिनंही कधी विचारलेलं नाही. डाळीच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की आसपासची माणसं आपोआप बोलायची थांबतात, त्या धर्तीचा तो आवाज आहे. पण तो निघाला की कुठून सुरू करायचं ते सगळ्यांना कळतं. ती नसली की पहिल्या ओळीतली नागम्मा सुरू करते, आणि नागम्मा नेहमी वंदनेच्या पुढच्या ओळीपासून सुरू करते.

गेल्या हिवाळ्यात गुलबर्ग्याला सावित्रीबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरनं बजावलं, मांडी घालायची नाही, उकिडवं नाही, जमिनीवर तर मुळीच नाही. बसायचं ते खुर्चीवर. ही "व्हय, व्हय" म्हणत राहिली. आणि पहिल्या पौर्णिमेला विहाराच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. मीही एक खुर्ची आणून शेजारी बसलो. चपलांना तेवढीच सोबत.

भंतेजी स्वतः बाहेर आले. "माई, खुर्ची आत घ्या. भगवंतांनी कुणाला गुडघे दुखवून घ्यायला सांगितलेलं नाही."

हिनं हात जोडले आणि जागची हलली नाही. घरी येताना मी विचारलं, "ते स्वतः म्हणायलेत, तर तुला काय झालं?"

"त्यांचं म्हननं त्यांनी म्हटलं. मी कशी बसू? ते खाली आन् मी वर! समोर मूर्ती हाय की न्हाई?"

"मग बाहेरून तरी म्हण वंदना. ओठ हलवायलीस नुसते."

"बाहिरून वरडलं की भाजी इकल्यासारखं वाटतंय."

आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात बसणं असतं. ती म्हणाली, "औंदाचा वर्षावास चपलांतच काढावा लागनार." हसत म्हणाली. हसत म्हणाली म्हणून मला ते जास्त लागलं.

हे सगळं आमच्या नातीनं ऐकलं. मैत्रेयी, आमच्या मुलाची, राजपालची पोरगी. बेंगळुरात वस्तूंचं डिझाइन शिकून आता बीदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत खुर्च्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. लग्नाच्या मांडवात ज्या खुर्चीचा पाय नेमका व्याह्याखाली मोडतो ती खुर्ची तिच्या कारखान्याची नसते, शेजारच्या कारखान्याची असते, असं ती सांगते. शेजारच्या कारखान्यातली माणसंही असंच सांगत असणार.

आमचा शेजारी गुंडाप्पा. त्याच्या बापानं मेंढरं राखली, तो तूर राखतो आणि उरलेल्या वेळात मला सल्ला देतो. त्यानं एकदा विचारलं होतं, "अण्णा, पोरगी नेमकं शिकली काय?"

"वस्तू कशी असावी ते."

"त्याला शिकावं कामून लागतंय? इकत आनली की कळतंय, कशी नसावी ते."

तर मैत्रेयी आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, चपलांत कशाला? मी करते तुला बसायला. भंतेजींपेक्षा खाली आणि जमिनीपेक्षा वर."

"वीतभरात काय करशील?"

"बघ तू."

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोळारहून टेम्पो आला. त्यातून फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी उतरलं. गल्लीतल्या पोरांनी आधी सगळे फुगे फोडले, मग वस्तू दिसली. भलंमोठं पिंपळपान. कोवळ्या हिरव्या रंगाचं, शिरा काढलेल्या, मागचं लांब टोक वळवून डोकं टेकायला केलेलं. उंचीला एवढंसं. वजन पडलं की पानाच्या दोन्ही कडा हळूच वर येतात आणि बसणाऱ्याला कुशीत घेतात, असं तिनं समजावून सांगितलं. सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की मला खुर्चीपेक्षा तीच बघावीशी वाटली.

गुंडाप्पा म्हणाला, "अण्णा, ह्याच्यात जेवायचं का बसायचं?"

सावित्रीबाईंनी पानाभोवती एक चक्कर मारली. शिरांवरून हात फिरवला. डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "लई देखनं केलीस गं बाळा. मी न्हाई बसत."

"कामून आजी?"

"बोधिवृक्षाचं पान हाय ते. त्याच्यावर बुड टेकवू व्हय?"

मैत्रेयी आजीपुढं येऊन उभी राहिली. "अगं मी मुद्दाम पिंपळपान घेतलं! श्रद्धेनं!"

"मी बी श्रद्धेनंच न्हाई म्हनायले."

बेंगळुरात चार वर्षांत पुष्कळ विषय शिकवतात. बुड हा विषय बहुतेक ऐच्छिक असावा.

आता विहार कमिटीचा अध्यक्ष बुद्धरत्न. माणूस सोन्यासारखा, पण चांगली वस्तू रिकामी पडलेली त्याला बघवत नाही. आमच्याकडं जे जे नवं आणि देखणं ते पाहुण्याचं, ही रीत त्याच्या अंगात भिनलेली. त्याच्या घरी चांगल्या कपांतून त्यानं स्वतः अजून चहा प्यायलेला नाही. दुसऱ्या दिवशी सभेला गुलबर्ग्याचे एक निवृत्त साहेब, राजशेखर म्हणून, प्रमुख पाहुणे होते. सभा विहाराच्या अंगणात. बुद्धरत्ननं पान उचलून नेलं आणि साहेबांना त्यावर बसवलं. "पाहुन्याला चालतंय," तो म्हणाला. कुठं लिहिलंय, ते त्याला कुणी विचारलं नाही.

साहेब भरगच्च होते. बसले तसे आत गेले आणि पानाच्या कडा वर आल्या. हार आला, शाल आली, फळांची परडी आली, सगळं वरून. मग भाषणाला नाव पुकारलं. साहेबांनी उजव्या अंगानं प्रयत्न केला. डाव्या अंगानं केला. मग मोठमोठ्या बैठकांत शिकलेलं हसू हसले आणि माइक खाली मागवला. बसून बोलल्यामुळं दम लागत नव्हता, त्यामुळं भाषणाला थांबायचं कारण उरलं नाही. विषय होता, 'तरुणांनो, उठा!'

शेवटी ओढ्यात रुतलेलं मेंढरू काढावं तसं गुंडाप्पानं मागून काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. टाळ्या झाल्या. त्या भाषणाला होत्या असं साहेबांनी मानलं. चांगला माणूस.

रात्री जेवताना मैत्रेयी ताटातला भात नुसता चिवडत होती. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला पण हसू आलं ना?"

"आलं."

"किती?"

"भाषणाएवढं."

ती हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "मी आजीसाठी केलं होतं. आजी अजून चपलांतच बसायली."

दुसऱ्या संध्याकाळी गुंडाप्पानं तोडगा आणला. "अण्णा, तुम्ही सगळे आक्काला खाली आनायच्या मागं लागलाव. भंतेजींनाच वर घ्या की. हातभर उंच आसन करा, मग आक्का खुर्चीवर बसू दे."

सावित्रीबाई आतून म्हणाली, "मग भंतेजी मूर्तीच्या बरुबरीला येतेत."

"मूर्ती बी हातभर वर घ्या."

"वर पंखा हाय."

इथं गाडी अडली. त्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं आहे. पंखा लावला की नाव दिसत नाही, म्हणून दात्याचा मुलगा विहारात आला की पंखा बंद करतात आणि सगळे घाम पुसत नाव वाचतात. तो पंखा हलवायचा विषय कमिटीपुढं काढण्यापेक्षा आमच्या बायकोचे जुने गुडघे परत बसवणं सोपं होतं.

ज्येष्ठात मैत्रेयीनं दुसरी वस्तू आणली. ह्या खेपेला पान नाही, फूल नाही. काळं लोखंड, धरायला दोन कड्या, आणि खाली हवेच्या दाबावर चालणारा नळा. बसताना ती हळूच खाली नेते आणि उठताना कळ दाबली की वर उचलते. "दिसायला काही नाही आजी, पण काम करते," मैत्रेयी म्हणाली. सावित्रीबाई बसली. उठायला कळ दाबली. खुर्चीनं "फुस्स्स" असा लांब आवाज केला आणि तिला उभी करून दोन पावलं पुढं पाठवली.

"ही मला घालवून द्यायली गं," सावित्रीबाई भिंत धरून म्हणाली.

"सवय होईल."

"मला व्हईल. समदे डोळे मिटून ध्यानाला बसलेत आन् माझ्याखालून असला आवाज आला, तर तुझ्या आबाला गाव सोडावं लागंल."

मला कशाला, ते कळलं नाही. पण युक्तिवादात जोर होता.

आषाढ पौर्णिमा तोंडावर आली. एका रविवारी सकाळी मी ओसरीच्या कोपऱ्यात दाढी करत होतो. सावित्रीबाई ओसरीच्या कडेला तूर निवडत बसली होती. मैत्रेयी चहाचे कप घेऊन आतून आली आणि उंबऱ्यातच ओरडली, "आजी! खाली कामून बसलीस? डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"खाली कुठं बसले?"

"ही काय! फरशीवर बसलीस!"

"फुडं येऊन बघ की."

मैत्रेयी पुढं अंगणात उतरली. पुढून बघितलं तर आजी ओसरीच्या काठावर खुर्चीत बसावी तशी, गुडघे काटकोनात वाकवून, पाय खालच्या पायरीवर टेकवून बसलेली. मैत्रेयी पुन्हा आत गेली, उंबऱ्यातून बघितलं. मागून बघावं तर आजी जमिनीवर, शेजारच्या मांजराच्या पातळीला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. मांजर उठून गेलं. चहा सगळा हिंदकळून बशीत आला.

"आजी, ऊठ बघू."

"निवडायचं ऱ्हायलंय."

"ऊठ गं!"

सावित्रीबाई उठली. कुणाचा हात नाही, हूं नाही की चूं नाही. ओसरीच्या खांबाला एक हात लावला आणि उभी राहिली.

"रोज अशीच बसतीस?"

"गुडघे केल्यापसून. मग कुठं बसू? तुझ्या पानावर?"

मैत्रेयी अंगणात धपकन बसली. "मी दर रविवारी हिच्या शेजारून जायले," ती मला म्हणाली, "खुर्चीचं चित्र काढत."

मग तिनं टेप आणला. ओसरीच्या काठापासून पायरीपर्यंतची उंची मोजली. आजीला बसवलं, उठवलं, वळवलं, पुन्हा बसवलं. कुठल्या हातानं धरतीस, कुठला पाय आधी उतरतेस, पदर कुठं अडकतो. तूर तशीच राहिली. दुपारी आजी म्हणाली, "पानाच्या येळंला मला काईच इचारलं न्हवतंस, ते बरं हुतं."

मैत्रेयीचं म्हणणं असं. विहारातली दुसऱ्या ओळीतली फरशी काढायची. तिच्याखालची जागा ओसरीच्या पायरीएवढी खोल खणायची. उतरायला दोन पायऱ्या, धरायला खांबावर एक गोल कडी. आजी काठावर, जमिनीच्याच पातळीला बसेल, नागम्माच्या बरोबरीनं, आणि पाय खाली सोडेल. काम नसेल तेव्हा वर फरशी सरकवली की खाली काही आहे असं कळणारही नाही.

बुद्धरत्ननं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मैत्रेयी, माझ्या अध्यक्षपदाच्या काळात विहारात खड्डा पडला असं म्हनतेत की लोक!"

"काका, झाकला की दिसणार नाही."

"दिसनार न्हाई, तर मग केलं काय म्हनून सांगायचं?"

हा प्रश्न खरा होता. आमच्याकडं केलेलं काम दिसलं नाही तर केलेलं धरत नाहीत. शेवटी सगळे भंतेजींकडं गेलो. त्यांनी कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"माई आमच्यापेक्षा वर बसणार नाहीत ना?"

"नाही भंतेजी. वीतभर खाली."

"आणि पायांनी तर हातभर खाली," ते म्हणाले. "एवढी नम्रता आम्हालाही जमत नाही. खणा."

गावातल्या मल्लप्पा गवंड्यानं खांबाजवळची फरशी काढली. खाली आमच्या भागातला लाल दगड लागला. तो फोडताना मल्लप्पानं कन्नडमध्ये जे काय म्हटलं, ते विहारात म्हणण्यासारखं नव्हतं म्हणून त्यानं बाहेर जाऊन म्हटलं. मैत्रेयी स्वतः खड्ड्यात उतरून बसून बघत होती, उठून बघत होती. मल्लप्पा म्हणाला, "अक्का, एका बाईला एवढा रुंद कशाला? दोन फरश्या कामून काढायलाव?"

"असू द्या," मैत्रेयी म्हणाली.

वरची फरशी दोघांना उचलावी लागते. ते काम अध्यक्ष म्हणून बुद्धरत्ननं घेतलं, कारण तेवढं तरी दिसतं. सावित्रीबाईंनाही ते चाललं. फरशी कुणी उचलली तर त्यांची हरकत नव्हती. त्यांना कुणी उचललेलं चालत नव्हतं.

मैत्रेयीच्या कारखान्यातल्या वरिष्ठांनी नव्या वस्तूचा फोटो मागितला होता. तिनं झाकलेल्या फरशीचा पाठवला. त्यांचं उत्तर आलं, वस्तू कुठं आहे? ती म्हणाली, "हीच." मग फोनवर नुसता उभा अंगठा आला.

आषाढ पौर्णिमेला सावित्रीबाईंनी सकाळीच मैत्रेयीला हाक मारली. "ते पान कुठाय गं?"

"माळ्यावर. कशाला? जाऊ दे ना आजी."

"काढ."

पान पुसून तिनं ते विहारात नेववलं आणि मूर्तीपुढं, ओट्याखाली ठेवलं. त्यात फुलं घातली. मग केळी, पेरू, सीताफळं नव्हती म्हणून डाळिंबं. फळांचं वजन पडलं तशा पानाच्या कडा हळूच वर आल्या आणि एकही डाळिंब घरंगळलं नाही. मैत्रेयी दारात उभी राहून बघत होती. अशा वेळी मी बोललो की वाया जातं, हे मला घरात शिकवलेलं आहे.

"आता कसं दिसतंय?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"छान दिसतंय आजी."

"तवाच म्हनले हुते, लई देखनं हाय. बसायचं न्हवतं ते."

संध्याकाळी विहार भरला. मी सवयीनं बाहेर चपलांजवळच्या खुर्चीवर जाऊन बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी छत्री ठेवली. दारातून मला आतलं दिसत होतं. बुद्धरत्ननं आणि राजपालनं फरशी सरकवली. सावित्रीबाईंनी कडी धरली, एक पाय उतरला, दुसरा उतरला, वळली आणि बसली. मागून बघताना वाटलं, ही मांडी घालूनच बसली आहे, ऑपरेशन झालेलंच नाही आणि गेले सहा महिने आम्ही उगाच चपला राखल्या.

भंतेजींनी पहिली ओळ म्हटली. नागम्मानं पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं.

आणि पट्टा सुरू झाला.

शेजारी बसत होती तेव्हा मला तिचे नुसते ओठ दिसायचे. आता ती आत होती, मधे भिंत होती, आणि माझ्या खुर्चीचे पाय थरथरत होते. थरथरत नसतील. प्लास्टिकची खुर्ची आहे, ती माणूस हलला तरी हलते. बाया एकाच ठिकाणी सुरू झाल्या आणि एकाच ठिकाणी संपल्या.

वंदना झाली आणि सगळे उभे राहिले. सावित्रीबाईही उभी राहिली, कुणाचा हात न धरता, सगळ्यांच्या बरोबरीनं. फक्त ती खड्ड्यात होती. त्यामुळं सगळ्या बाया वर गेल्या आणि ही त्यांच्या छातीपर्यंतच आली. मधली पोरं फिदीफिदी हसायला लागली. एकानं विचारलं, "आजी, तू ल्हान झालीस?"

मैत्रेयीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उभं राहण्याचा विचार तिनं केलेलाच नव्हता.

"हसा," सावित्रीबाई खालून म्हणाली. "मला हितून समद्या बायकांचे गुडघे कळायलेत. कोन कसं हुबं ऱ्हायलं ते." तिनं पुढं मान केली. "नागम्मा, तुझा डावा जायलाय बघ. उजव्यावरच भार द्यायलीस."

"व्हय गं," नागम्मा म्हणाली. "कुनाला सांगितलं न्हाई मी. बसताना जीव जायलाय." तिनं खड्ड्यात वाकून बघितलं. "मग मी आता कुठं बसू? चपलांत?"

सावित्रीबाईंनी बाजूला बघितलं. मग मैत्रेयीकडं बघितलं. मैत्रेयी छताकडं बघत होती, पंख्यावरचं नाव वाचल्यासारखं.

"चपलांत कामून?" सावित्रीबाई म्हणाली आणि एका फरशीपुरती सरकली. "उतर. आन् आधी डावा पाय टाक. पन वंदना म्या सुरू करनार."